वाऱ्याची वाट

उद्यमनगरात माझी चाळीस वर्षं वाळूत गेली.
ओली वाळू मुठीत दाबायची.
मूठ उघडल्यावर गोळा बोटांचे ठसे धरून उभा राहिला
तर कामाची.
मोडला, तर पुन्हा चाळण.

साचा भरून झाला की उस्ताद हातात तार द्यायचा.
"टोच. वाऱ्याला वाट ठेव.
लोखंड आत उतरलं की वाळूतनं वाफ उठती,
तिला बाहेर पडायला जागा नसली
तर माल वरनं गुळगुळीत, आतनं जाळी."
मी सोळा वर्षांचा होतो. टोचायचो.
दुपारच्या भाकरीपलीकडं माझं लक्ष नसायचं.

शेरॉन गेली त्या वर्षी मी एकही खाडा केला नाही.
एकोणीस वर्षांची.
सीपीआरमध्ये अकरा दिवस, साधा ताप म्हणून नेलेली.
पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली.
मी आमेन म्हटलं, चहा विचारला,
आणि वरनं गुळगुळीत राहिलो.

रविवारी ब्रह्मपुरीचा चढ चढायचो तो करुणासाठी.
ती एकटी गेली असती तर चार जणांनी विचारलं असतं.
शेवटचा बाक.
मंडळी गायला उभी राहिली की मीही उभा,
ओठ मिटून.

शेजारी उपकार समुद्रे. पोस्टातनं रिटायर,
आवाज घोगरा, ताल कुठल्या कुठं.
गीतांचं पुस्तक उघडायचा
आणि अर्धं माझ्यासमोर धरायचा.
मी हात लावायचो नाही.
तो धरूनच राहायचा.
अख्खं वर्ष.
त्या हाताला कंप होता
हे मला फार उशिरा दिसलं.

दिसलं त्या रविवारी माझ्याकडची बाजू मी धरली,
त्याचा हात दुखत असेल, एवढ्यासाठीच.
ओळ कुठली चालू होती आठवत नाही,
येशू सोडून जात नाही, असलं काहीतरी साधंच.
घशातनं जे वर आलं ते गाणं नव्हतं.
बाकाची पाठ धरून मी रडलो,
जनावर ओरडतं तसा.
कुणी मागं वळून बघितलं नाही.
समुद्रे बेसूर गातच राहिला, सगळी कडवी.
तार टोचली होती कुणीतरी.

तेव्हापासनं सुखात आहे असं नाही.
दोनदा पंचगंगा घरात आली, छातीपर्यंत.
शेरॉनचा कॉलेजातला फोटो धुऊन गेला,
चौकट राहिली, ती तशीच भिंतीवर आहे.
कारखाना शिरोलीला गेला, मला न घेता.
भट्टीचा उजेड इतका बघितलाय
की डाव्या डोळ्यात आता दुधासारखं धुकं.
प्रभूनं यातलं काहीच टाळलं नाही.
भांडलोय मी त्याच्याशी यावर,
अजून भांडतो, संध्याकाळी, रंकाळ्यावर चालताना.
तो बरोबर चालत असतो, म्हणूनच भांडता येतं.

आणि तरी पहाटे गंगावेशीत
धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावला
आणि फेसाची मिशी उमटली की मी हसतो, एकटाच.
करुणा विचारते, एवढं कशाचं?
काय सांगायचं.
माल सुटला की आम्ही हातोडीनं ठोकून बघायचो.
फुटका असला तर भद्द.
भरीव असला तर घंटेगत वाजायचा,
आणि तो नाद हात बाजूला घेतला तरी
बराच वेळ कानात राहायचा.
तसलं काहीतरी.

समुद्रे गेल्या मार्चात गेला.
परवा त्याच्या जागी एक पोरगा येऊन बसला,
दाढी वाढलेली, नजर फरशीवर,
चपला पायातच, उठून जायच्या तयारीत.
मी पुस्तक उघडलं.
अक्षरं मला दिसत नाहीत, ओळी पाठ आहेत.
अर्धं त्याच्यासमोर धरलं.
त्यानं हात लावला नाही.

लावू नकोस, बाबा.
वाळूनं घडवलेला हात आहे हा,
अजून बरीच वर्षं धरून राहील.